अण्णाची विहीर

माझा थोरला भाऊ, अण्णा, आमच्या जुन्या घरीच राहायचा. रामनगरपासून बरंच आत, जंगलाच्या कडेला. मी लग्न होऊन रामनगरला आले आणि तिथल्या शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवू लागले. अण्णानं घरामागच्या उतारावर पोफळीची रोपं लावली होती. आमच्याकडं पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी येते. पण शिमगा जवळ आला की ओढा आटतो. मग अण्णा आणि वैनी खालच्या डबक्यातनं पाणी आणून रोपांना घालायची. वैनीचा खांदा धरला तेव्हा अण्णानं विहीर काढायची ठरवली.

पाणी बघणाऱ्याच्या तळहातावरचा नारळ जिथं उभा राहिला, तिथं खुणेचा दगड पडला. माझा त्यावर विश्वास नव्हता. पण दुसरी जागा मलाही दाखवता आली नसती.

संक्रांतीनंतर अण्णा स्वतः खणायला उतरला. शेजारचा एकजण वर थांबून कप्पीनं माती ओढायचा. त्याच वेळी वर्गात माझा जमिनीच्या थरांचा धडा चालला होता. पुस्तकातलं चित्र इतकं गुळगुळीत होतं की मुलांना ती जमीन वाटेचना. मी अण्णाला फोन केला, "मुलांना घेऊन येऊ काय?"

"ये की! कायतरी बघायला तरी मिळंल त्यांना."

आम्ही गेलो तेव्हा त्यानं विहिरीभोवती बांबूचं कुंपण बांधलं होतं. एक बाजू खरवडून साफ केली होती, थर दिसावेत म्हणून. अंगात धुतलेला शर्ट होता. तसाच तो दोराला धरून खाली उतरला आणि पहारीच्या टोकानं एकेक थर दाखवू लागला. मी वरनं सांगत होते. सगळ्यात वर पाल्यापाचोळ्याची काळपट माती, मुळांनी विणलेली. तिच्याखाली तांबडी, खड्यांची. मग जांभा दगड, घरं बांधतो तो, भोकाभोकांचा. त्याच्याखाली पांढुरकी-पिवळी चिकणमाती, तिला आमच्याकडं शेडी म्हणतात. आणि अण्णाच्या पायाखाली काळा खडक. "हा खालचा खडकच पावसानं कुजत कुजत वरचे थर झालेत," मी म्हटलं. "माणसाच्या कितीतरी पिढ्या होऊन गेल्या, तरी हातभर माती तयार होत नाही."

मुलं वाकून बघत होती. एका मुलीनं विचारलं, "बाई, मग पाणी कुठल्या थरात हाय?"

अण्णानं पहार खाली टेकवली आणि वर बघितलं.

शिकवायचं ते मी शिकवलं. जांभ्याच्या भोकांतनं पावसाचं पाणी खाली उतरतं, पण जागा उताराची असली की ते ओढ्याला निघून जातं. शेडी ओली राहते, पण पाणी सोडत नाही. खडकाला भेगा असल्या तर त्यांत पाणी साठतं.

"आणि भेगा नसल्या तर?"

"तर नाही," मी म्हटलं.

वर येऊन अण्णानं मुलांना वैनीनं केलेलं कोकमाचं सरबत वाटलं. मुलं टेम्पोत चढल्यावर तो माझ्याजवळ आला. "पोरीनं बरोबर विचारलं बघ. मला पण तेच विचारायचं हुतं. धीर झाला न्हाई."

"अण्णा, थांब आता. खडकात एकटा किती दिवस पहार मारत बसशील?"

"थांबून काय करू बाय? रोपं वाळाय लागलीत."

तो थांबला नाही. मे संपेपर्यंत खडक फोडत राहिला. फोनवर त्याचा आवाज बसलेला असायचा, धुळीनं. भेग लागली नाही. पोफळीची रोपं एकेक करून तपकिरी झाली. वैनीनं ती उपटून चुलीत घातली, अण्णा घरात नसताना.

पाऊस लागला आणि विहीर काठोकाठ भरली, तांबड्या गढूळ पाण्यानं. अण्णानं फोन केला आणि हसला. "भरली बघ!" मला ते हसू ऐकवेना. भर पावसात त्या पाण्याचं कुणाला काय होतं? पुढच्या आठवड्यात शेडीचा थर पाण्यानं फुगून सुटला. वरचा जांभा, माती, बांबूचं कुंपण, सगळं आत बसलं. उताराचा एक तुकडा घराच्या मागच्या भिंतीपर्यंत खचला आणि भिंतीला तडा गेला. माणसं वाचली, एवढंच.

विहीर कोरडी निघणार, हे मला ठाऊक होतं असं नाही. पण माती अशी का सुटते, ते मी दरवर्षी फळ्यावर काढते. उतार खचला त्या दिवशी ते ज्ञान अंगावर ओझ्यासारखं होतं. अण्णाला त्यातलं मी काय सांगणार होते? त्यानं ते डोळ्यांनी बघितलं होतं.

पावसातच दोघं गोव्याला गेली. अण्णाला एका कारखान्यात रखवालदारी मिळाली, वैनी तिथंच कॅन्टीनमध्ये लागली. चतुर्थीला दोघं घरी आली. तडा गेलेल्या खोलीत गणपती बसवायचं मन होईना, म्हणून ओसरीवर बसवला. विसर्जन झाल्यावर अण्णानं खड्ड्याभोवती काटेरी फांद्या टाकल्या, कुणाची गुरं पडू नयेत म्हणून. तिकडं बघत उभा मात्र राहिला नाही.

दुसऱ्या दिवशी रामनगरच्या स्टँडवर मी त्यांना सोडायला गेले.

"वर्षभर घर बंद ठेवून कसं चालंल, अण्णा?" मी विचारलं.

"न्हाई चालायचं. वाळवी लागंल." तो पिशवी उचलत म्हणाला, "पण तिथं राहून तरी काय करायचं, सांग."

गोव्याची बस लागली. गर्दीत वैनीला जागा मिळावी म्हणून तो आधी आत घुसला. वैनीनं माझा हात धरला, जरा दाबला आणि त्याच्या मागनं चढली.