चांदभाईंचा अंगठा

त्या काळी शेवगावात फटफट्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातली कुठलीही अडली की ढकलत ढकलत शेवटी यायची ती चांदभाईंच्या अंगणात. गॅरेज म्हणावं असं तिथं काही नव्हतं. एक लिंबाचं झाड, त्याखाली अंथरलेलं गोणपाट, आणि त्यावर मांडी घालून बसलेला साठीचा, कमी बोलणारा माणूस. उमेदीची वीस वर्षं नगरच्या लष्करी वर्कशॉपात काढून ते गावी परतले होते.

त्यांच्या दोन गोष्टी तालुक्यात सगळ्यांना ठाऊक होत्या. पहिली, जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात दिल्याशिवाय ते नवा बसवत नसत. "जुन्याचं काय झालं ते बग, मग नव्याचं बोल," असं म्हणायचे. दुसरी गोष्ट त्यांचा उजवा अंगठा. क्लचची पोलादी चकती हातात घेऊन तिच्यावरून ते अंगठा फिरवायचे आणि सांगायचे, ही चालेल, ही फेक. चालेल म्हटलेल्या चकतीवर पोगराच्या टोकदार छिन्नीनं एक बारीक ठिपका मारायचे. वर्कशॉपातल्या उस्तादानं मात्र त्यांना वेगळं शिकवलं होतं. चकती सपाट काचेवर ठेवायची, कडेला दाबायची. हलली तर वाकलेली आहे. तशी काच त्यांच्या घरात होतीसुद्धा. पण लोक अंगठ्याचं कौतुक करायला लागले आणि काच ज्वारीच्या कणगीमागं जाऊन पडली. कौतुक कुणाला कडू लागतं?

बाहत्तरच्या दुष्काळात, पौष महिन्यात, मच्छिंद्र आपली फटफटी तीन मैल ढकलत घेऊन आला. मच्छिंद्र म्हणजे ढोरांचा डॉक्टर. पस्तिशीचाच होता, पण दाढी पांढरी व्हायला लागली होती. मागच्या चैत्रात त्याच्या बायकोला, मालनला, फुरसं चावलं. लस नगरलाच मिळायची. तिला धोतरानं स्वतःच्या पाठीशी बांधून त्यानं फटफटी नगरच्या वाटेला लावली, आणि करंजीच्या घाटात गाडीनं दगा दिला. इंजिन ओरडत होतं, चाक फिरत नव्हतं. दोन तासांनी एक ट्रक आला. मालन दुसऱ्या दिवशी गेली. मागं पाच वर्षांची पोर राहिली. फटफटी तेव्हापासून गोठ्यात घोंगडीखाली उभी होती.

"क्लच जळलाय," मच्छिंद्र म्हणाला. "मीच जाळला. घाटात घाबरलो, अर्धा दाबून धरला आन् तसाच रेटत ऱ्हायलो. ह्या हातानं मारलं तिला, चांदभाई." त्यानं क्लच धरायचा डावा हात पुढं केला आणि लगेच मागं घेतला. "हिला शिवनार नव्हतो. पन दुष्काळाच्या छावनीत सातशे जनावरं हायेत. सायकलीनं हुत न्हाई."

'ह्या हातानं मारलं' हे वाक्य चांदभाई पहिल्यांदा ऐकत नव्हते. मातीच्या दिवशी मच्छिंद्र हेच बोलत होता, आणि ते त्याच्या शेजारी बसून होते. गाव तर त्याला हे नऊ महिने बोलताना ऐकत होतं. समजूत घालून लोक थकले होते.

"उद्या सकाळी ये," चांदभाई म्हणाले. "बुचाच्या नव्या चकत्या रातभर तेलात भिजाया लागत्यात. जुनं दाखवतो, मग बसवतो."

तो गेल्यावर त्यांनी क्लच उघडला. स्प्रिंगा काढून एका ओळीत उभ्या केल्या. सगळ्या एका उंचीच्या, एकही दबलेली नाही. पोलादाला घट्ट धरून ठेवणाऱ्या बुचाच्या चकत्या काढल्या. त्या जळून कोळसा झालेल्या, बोट लावलं तर भुगा पडत होता. मधल्या पोलादी चकत्या निळसर पडल्या होत्या. त्या त्यांच्याच हातच्या. मालन गेली त्याच्या आदल्या दिवाळीत, गर्दीच्या दिवसांत, त्यांनी बूच नवं घातलं होतं आणि पोलादी चकत्या पॉलिश पेपरनं घासून जुन्याच ठेवल्या होत्या. प्रत्येकीवर ठिपका होता. त्यांनी एकेकीवरून अंगठा फिरवला. अंगठा म्हणाला, सरळ आहेत.

इथं काम संपलं असतं. पण त्यांच्या मनात एक गोष्ट सलायला लागली. ह्याच माणसानं पहिल्या क्लचवर सात वर्षं काढली होती, तीही गाडीवाटेनं, नाल्यातून, औषधांची पेटी लादून. असा हात एका घाटात क्लच जाळेल?

"सुरय्या," त्यांनी बायकोला हाक मारली, "कणगीमागची काच आण."

सुरय्यानं काच पदरानं पुसून आणून दिली. चांदभाईंनी पहिली चकती काचेवर ठेवली, दाबली. ती हलली नाही. दुसरीही तशीच. तिसरी दाबली आणि ती टक् वाजली. दुसऱ्या कडेला दाबलं, पुन्हा टक्. चांदभाई ती चकती घेऊन उन्हात गेले. घाटातल्या उष्णतेनं वाकली असेल, अशी अजून आशा होती. उन्हात ती आशाही गेली. चकतीचा उंच भाग घासून आरशासारखा झाला होता, आणि खोलगट भागावर पॉलिश पेपरच्या बारीक रेघा जशाच्या तशा होत्या. त्यांनीच मारलेल्या. चकती सरळ असती तर पहिल्या महिन्यातच त्या रेघा पुसल्या गेल्या असत्या. बूच तिथं कधी टेकलंच नव्हतं. दिवाळीपासून हा क्लच अर्धाच धरत होता. सपाट रस्त्यावर निभावलं; घाटात, दोन माणसांच्या ओझ्याखाली, निभावलं नाही.

त्यांनी आपला अंगठा बघितला. चाळीस वर्षांत त्याची कातडी चामड्यासारखी झाली होती. त्याला आता काय कळत होतं, देव जाणे. अंगठ्याचं कौतुक करणाऱ्यांपैकी कुणी ते त्यांना सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी स्वतःला विचारलं नव्हतं.

सुरय्या उंबऱ्यात बसली होती. तिला सगळं कळलं. घरच्या दखनी बोलीत ती हळूच म्हणाली, "त्याला ह्यातलं काय समजतं? नवीन बसवून द्या. सांगितलंत तर तुमचं नाव जाईल."

"आणि त्याचं काय गेलंय?" चांदभाई म्हणाले. सुरय्यानं उठून परातीत तेल ओतलं आणि नव्या बुचाच्या चकत्या एकेक करून त्यात बुडवल्या.

सकाळी मच्छिंद्र आला. चांदभाईंनी गोणपाटावर काच ठेवली, काचेवर ती चकती ठेवली.

"दाब."

मच्छिंद्रनं दाबली. टक् आवाज झाला. मग चांदभाईंनी त्याला ठिपका दाखवला, रेघा दाखवल्या, एकही शब्द गाळला नाही. शेवटी म्हणाले, "तुझा हात न्हाई. माझा."

मच्छिंद्रनं रेघांवरून नख फिरवलं. "दिवाळीपासून?"

"दिवाळीपासून."

"म्हंजे घाटात मी कसाबी चालवला असता तरी..."

"चढली नसती."

"ही काच तेवा घरात हुती?"

चांदभाईंना हाच प्रश्न नको होता. "हुती," ते म्हणाले.

मच्छिंद्र उठला आणि कुंपणापाशी पाठमोरा उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. चांदभाई जागचे हलले नाहीत. त्याच्या पाठीवर हात ठेवायचा हक्क आपला राहिला नाही, हे त्यांना कळत होतं. सुरय्यानं पाण्याचा तांब्या नेऊन त्याच्याजवळ ठेवला आणि ती आत गेली.

पाणी पिऊन तो परत येऊन बसला.

"नगरला ने," चांदभाई म्हणाले. "दुसऱ्याकडून बसवून घे. पैसे मी देतो."

"तुमीच बसवा. काचेवर ठिवून."

मग दोघांनी मिळून काम केलं. चांदभाई एकेक नवी चकती काचेवर ठेवायचे, मच्छिंद्र डाव्या हातानं दाबायचा, आणि ती वाजली नाही की मान हलवायचा. एक बूच, एक पोलाद, असा थर चढत गेला. ठिपका चांदभाईंनी एकाही चकतीवर मारला नाही.

दुपारी फटफटी सुरू झाली. मच्छिंद्रनं वाकडी चकती मागून घेतली आणि खिशात घातली. क्लच दाबला, पण सोडला नाही.

"पोरगी इचारती, आई कशानं गेली," तो समोर बघत म्हणाला. "आजवर माझा हात दाखवत आलो. आता काय सांगू तिला?"

"माझं नाव सांग," चांदभाई म्हणाले.

मच्छिंद्रनं डावा हात हळूहळू सैल केला. गाडी जराही हिसका न देता अंगणाबाहेर गेली.