परत आलेले गहू

परातीत अर्धे गहू निवडून झाले होते, अर्धे व्हायचे होते, आणि उषाबाईचं तोंड हातापेक्षा जोरात चाललं होतं. "ह्याला गहू म्हणायचं? खडे वेचून टाकले तर परातीत काही उरायचं नाही!" सुरतेच्या गोडादरा भागातल्या त्या खोलीत ऐकायला कोणी नव्हतं. नवरा बन्सीलाल पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये, दोन्ही मुलं शाळेत. पण सुरतेला नावं ठेवायला तिला श्रोता लागत नसे.

इथली डाळ गोड, माणसंही वरवर गोड. आणि पाणी? "आम्ही शिरपूरकडं म्हशी धुऊन जे पाणी सोडतो, ते ही मंडळी इथं नळानं पितात!" तापी दोन्हीकडची एकच, पण उषाबाईच्या लेखी वरची तापी माय, आणि इथली नुसतं सांडपाणी.

सात वर्षं झाली येऊन, तरी जातं तिनं गावीच ठेवलं होतं. जातं आणलं म्हणजे बूड टेकलं. "आमचं काय, आज आहोत, उद्या नाही," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. शेजारची जयश्री शिंदखेड्याची, म्हणजे आपल्यातलीच. पण आल्या आल्या गुजराती झाली, डाळीत गूळ घालायला लागली. उषाबाई तिला माणसात धरत नव्हती.

श्रावणात मात्र उषाबाई सुरतेत कधी नसायचीच. नागपंचमीनंतरच्या रविवारी गावी थोरले दीर काशिनाथ आणि जाऊ सरस्वती यांच्याकडे कानबाई देवीचा नारळ बसायचा. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजायचे, सगळ्यांचे एकत्र दळायचे, त्याचे नैवेद्याचे जाड रोट करायचे आणि ते भाऊबंदांनीच खायचे. परक्याला घासही नाही. ज्याची मूठ त्यात, तो घरचा. यंदा बन्सीलालला रजा मिळाली नाही. म्हणून तिनं नवऱ्याच्या आणि दोन्ही मुलांच्या नावानं गहू मोजले, हळदीकुंकू लावून फडक्यात बांधले आणि गावी निघालेल्या बाबुरावाकडे दिले. बाबुराव त्यांच्याच गावचा, सुरतेतच उधन्याला लूमवर कामाला होता. आपण नसलो तरी मूठ तिथं पोचली की झालं, असं तिला वाटलं होतं.

आज गावाहून परतलेला बाबुराव दारात आला आणि त्यानं तेच फडकं उंबऱ्याच्या आत ठेवलं. गाठ तिचीच होती. सुटलेली नव्हती.

"घेतले नाहीत?"

"वहिनी, माझ्यावर रागावू नका. सरस्वतीबाई म्हणाल्या, 'सुरतवालास्ना गहू आम्हना रोटमा नको. त्या त्यास्नी कानबाई तठेच बसाडोत.'"

"आणि काशिनाथभाऊजी? ते काय म्हणाले?"

"ते तंबाखू मळत होते."

"मळून झाल्यावर?"

"मळतच राहिले, वहिनी."

बाबुराव चहाला थांबला नाही. उषाबाईला गेल्या वर्षीचा पितृपक्ष आठवला. सुरतेत प्लेग आला म्हणून मुलंबाळं घेऊन गावी पळाले, तर जावेनं त्यांना गोठ्यात उतरवलं, पाणी वरून ओतलं. तेव्हा तिनंच बन्सीलालला समजावलं होतं, माणूस भितं, मनावर घेऊ नका. आता जावेला कसलं भ्या होतं?

"गोठ्यात घालते आणि भाऊबंदकी शिकवते!" फडक्याकडे बघत ती बोलली. "तिचे रोट दगडासारखे! देवी म्हणून गिळते बिचारी!"

"कोण गिळतं, भाभी?" जयश्री दारात उभी होती.

"तू भाभी म्हणू नकोस. आणि ऐकलंस ना सगळं? मग विचारतेस कशाला?"

"ऐकलं. बसवा की इथंच."

"दळू कशावर? त्या भाईदासच्या गिरणीत? बेसन, मिरची, सगळं एकाच तोंडानं दळतो तो!"

"जातं आहे माझ्याकडे. खाटेखाली. आले त्याच वर्षी सासूनं सोबत दिलं. दरसाल रोट त्यावरच करते."

"दरसाल? मला कधी दिसलं नाही ते."

"तुम्ही श्रावणात असता कुठं इथं?"

दोघींनी जातं बाहेर ओढून धुतलं. उषाबाईनं खुंटा हलवून पाहिला, वरचा दगड उचलून आतून बोट फिरवलं. "अगं, गुळगुळीत झालंय हे! छिन्नीनं टाकी लावून घेतली नाहीस कधी?"

"टाकीवाला येतो का गोडादऱ्यात?"

"तेच म्हणते मी. हे काय गाव आहे!"

जयश्री हसली आणि मग हळूच म्हणाली, "पण नारळ? तुमचा तर जावेकडे. आणि एकदा नवा बसवला की दरसाल बसवावा लागतो. मग श्रावणात गावी जाता यायचं नाही."

हे उषाबाईला ठाऊक होतं. तिनं देव्हाऱ्याकडे पाहिलं, हात जोडले. मग फडक्याची गाठ दातांनी सोडली आणि गहू नव्या ताटलीत ओतले. एकही खडा नव्हता. परातीतल्या गव्हांना मात्र त्यांच्याजवळ येऊ दिलं नाही.

"आणि हे बघ, रविवारी माझ्या डाळीत गूळ घालायला येऊ नकोस."

"बरं, भाभी."

परात तशीच अर्धवट कोपऱ्यात सरकवून तिनं पिशवी घेतली. इथले नारळही पोकळच असणार, वाजवून घ्यावा लागेल, असं पुटपुटत दाराला कडी लावली आणि उषाबाई नारळ आणायला उधन्याच्या बाजारात निघाली.