बोईसर, दातिवरे आणि चमचाभर पाणी

'पुढचा समुद्र कुठला?' म्हणून गेल्या पोस्टखाली विचारणाऱ्यांनो, हा घ्या समुद्र. पण मासळीची थाळी आणि सूर्यास्त यांच्यासाठीच वाचत असाल तर इथेच थांबा, मागाहून मला शिव्या घालू नका.

झालं असं की माझी शाळेपासूनची मैत्रीण वृषाली डॉक्टर आहे आणि बोईसरला व्यसनात अडकलेल्यांसाठी छोटासा दवाखाना चालवते. गर्द किंवा दुखणं मारायच्या कडक गोळ्या जास्त झाल्या की माणसाचा श्वास मंदावत मंदावत थांबतो. त्यावर नॅलोक्सोन नावाचं औषध आहे. वेळेत टोचलं तर श्वास परत येतो. पण वेळेत म्हणजे घरातल्याच कुणीतरी टोचायचं, दवाखाना गाठेपर्यंत उशीर होतो. म्हणून घरात ठेवायची एक पेटी ती तयार करत होती. "सोबतच्या कार्डावरची चित्रं तू काढ," म्हणाली, "आणि नाशकात बसून काढू नकोस. ज्यांच्या घरात पेटी जाणार त्यांना विचारून काढ." मी चित्रकार, पायाला भिंगरी आणि तोंडाने फटकळ. काढली गाडी.

नाशिकहून त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर असं करत पालघर. पहाटे निघा. घाट देखणा आहे, रस्ता मात्र मधेमधे असा की कंबरेचे टाके ढिले होतात. जव्हारला चहा-भजी खाऊन घ्या, पुढे बरं हॉटेल शोधत बसावं लागतं. तिथेच एका टेम्पोत पाड्यावरची कुटुंबं बोचकी आणि कोंबड्यांसकट चढत होती, वीटभट्टीवर जायला. मुक्काम पालघरला करा. हजाराच्या आसपास स्वच्छ खोली मिळते. बोईसरचे लॉज ठेकेदारांच्या माणसांनी भरलेले असतात.

बोईसर डोळ्यांना दिसायच्या आधी नाकाला कळतं. तारापूरच्या कारखान्यांचा वास नाकातून घशात उतरतो आणि मग कपड्यांतच राहायला येतो. वृषालीच्या दवाखान्यात तिच्याकडे उपचाराला येणारे पाच-सहा जण सतरंजीवर बसले होते. मी मोठ्या तोऱ्यात, कुणी न सांगता घरून रंगवून आणलेली पेटी पुढे ठेवली. लालभडक, वर पांढरी फुली.

"दीदी, ये लेके घूमेंगे तो पुलिस पहले हमको ही उठाएगी," रसायनांची पिंपं उचलणारा एक बिहारी कामगार म्हणाला.

"नि घरमालक खोलीतून काढंल," दुसरा म्हणाला. तो वाणगावचा. "चश्म्याची डबी घ्या ना. कडक असते, आत काच फुटणार नाय. आनि कोन उघडून बघतं?"

सगळे हसले. माझ्या दोन आठवड्यांच्या कामाचं वाटोळं झालं होतं, तरी मीही हसले, कारण त्याचं खरंच होतं. औषधाची काचेची कुपी, सुया, हातमोजे आणि घडी घातलेलं कार्ड, सगळं त्या डबीत मावलं. जाताना तो वाणगावचा म्हणाला, "लवकर करा, ताई. मागल्या येळेला माज्या बाजूचा गेला, मी नुस्ता बघत बसलेलो."

दुसऱ्या दिवशी केळवे, एडवण करत दातिवऱ्याला गेलो. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना माड नि सुरूची झाडं, आणि एकदम खाडीचं तोंड समोर येतं. फोटो काढण्यासारखं आहे, मी काढले नाहीत. वृषालीच्या ओळखीच्या हिरामावशीच्या अंगणात बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत होते आणि चार-पाच बायका वाट बघत बसल्या होत्या. मावशीचा थोरला सचिन बोईसरला कामाला होता. गेल्या वर्षी घरी आला असताना याच नशेत गेला. धाकटा नितेशही बोईसरलाच कामाला आणि त्याच वाटेला लागलेला. तो आत झोपला होता, दाराच्या फटीतून त्याचे पाय दिसत होते. त्याच्यासाठीच मावशीला डबी हवी होती.

मी चित्रं मांडली. वृषाली एकेक सांगत गेली. हाक मारून, हलवून बघायचं. एकाने एकशे आठला फोन लावायचा. तोंडाने श्वास द्यायचा, मांडीत औषध टोचायचं, श्वास चालू झाला की कुशीवर वळवायचं. औषधाचा जोर ओसरतो, म्हणून दवाखान्यात न्यायचंच. शेवटी काय करायचं नाही ते. "तोंडात पाणी घालायचं नाही. त्याला गिळता येत नसतं, पाणी छातीत जातं."

"थेंबभर?" हिरामावशीने विचारलं.

"थेंबभरसुद्धा नाही, मावशी. आणि मोठ्याने घोरल्यासारखा आवाज येत असेल तर झोप लागली असं समजू नका. तो अजून जिवंत आहे, पण श्वास अडतोय."

मावशीच्या हातातली सुपारी तशीच राहिली. "माजा सचिन घोरत होता," ती म्हणाली. "आमाला वाटलं घरघर लागली. मरताना लागते ती. म्हातारी मानसं बोलली, हिरा, पोराला तानेला धाडू नको. मी चमच्यानं पानी घातलं. माज्या हातानं."

मला तर उठून पळून जावंसं वाटलं.

मी वृषालीला गाडीपाशी ओढत नेलं आणि तिच्यावर भडकले. "ती ओळ काढून टाक! प्रत्येक आईला हे वाचायला लावणारेस? तो पाण्यानेच गेला कशावरून?"

"कशावरूनच नाही. कदाचित आधीच उशीर झाला होता. मलाही कळणार नाही, तिलाही कधी कळणार नाही," वृषाली म्हणाली. "पण नितेश आत झोपलाय गं. उद्या त्याला घरघर लागली तर तिचा हात पुन्हा चमच्याकडेच जाईल."

मागे वळले तर हिरामावशी उभी. तिने सगळं ऐकलं होतं.

"लिव," ती मला म्हणाली. "पयलंच लिव. आनि ते गिलास कशाला काढलंस? मरनाऱ्याला गिलासातून कोन पाजतं? चमचा काढ, तुलशीचं पान काढ. त्यावर फुली मार. मंग बायांना समजंल."

तिच्याच ओट्यावर बसून काढलं. ते कार्ड घालून वृषालीने पहिली भरलेली डबी मावशीच्या हाती दिली. मग तिने आम्हाला बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. "खाल्ल्याबिगर जायचं नाय," असा दम भरला. कालवण उत्तम होतं आणि मी अर्धंच खाल्लं. दोन्ही खरं आहे. परतताना वाटेत शिरगावचा किल्ला बघायचा बेत होता. किल्ला चांगला आहे म्हणतात. तुम्ही बघा.

घरी आल्यावर देव्हाऱ्यातल्या गंगेच्या गडूकडे पहिल्यांदा नीट बघितलं. आईने तो काशीहून आणला, शेवटच्या घोटासाठी. तिला दातिवऱ्याचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पाणी घालणाऱ्याचा हात मायेचाच असतो गं." एवढं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. मला मात्र त्या मायेचाच राग आला होता, अजून आहे.

ही पोस्ट लिहायला घेतली आणि अनोळखी नंबरवरून फोन आला. शेजारणीच्या फोनवरून हिरामावशी बोलत होती.

"पोरी, टोचला गं. नितेशला. मांडीत, चित्रात हाय तसा."

"आणि पाणी?" विचारायला नको होतं, पण तोंडातून निघून गेलं.

"नाय दिलं. जाऊबाई चमचा घेऊन आली, तिला घराभायेर काढली. दवाखान्यात उठून बसला, मंग त्यानंच मांगितलं. तवा दिलं."

मला रडू फुटलं. ती रडत नव्हती.

"आता कुठेय तो?"

"बोईसरला गेला परत. पाया परले त्याच्या, नाय ऐकला." मागे समुद्राचा आवाज येत होता. "ती डबी रिकामी झाली. दुसरी धाड."