बायकोच्या वेबसाइटवरचे तीन टायगर

कॉम्प्युटरचा कोर्स मला बढतीसाठी करावा लागला. कचेरीत मी हेडक्लार्क, वय एक्कावन्न. क्लासला येणारी बाकीची पोरं माझ्या निम्म्याहून लहान. त्यांच्यात एकट्यानं जाऊन बसायची मला लाज वाटत होती, म्हणून मीच बायकोला म्हणालो, "तू पण चल. दुपारी घरी बसून काय करतेस?" ती आधी नको म्हणाली. तिची दहावी अक्कलकोटकडच्या एका खेड्यात झालेली, इंग्रजी जेमतेम. मी आग्रह केला. तेव्हा मला वाटलं होतं, शेजारी कुणीतरी आपल्यापेक्षा कच्चं बसलेलं असलं की बरं.

क्लास सोलापुरात कन्ना चौकाजवळ एका दुकानाच्या वर होता. शिकवणारी मॅडम सव्वीस-सत्तावीसची असेल. तिच्या घरी अजून माग चालायचा, आईशी फोनवर ती तेलुगूत बोलायची आणि आमच्याशी खास सोलापुरीत. पहिल्याच आठवड्यात तिनं इनपुट, प्रोसेस, आउटपुट शिकवलं. आत जातं ते इनपुट, मधे घडतं ते प्रोसेस, बाहेर येतं ते आउटपुट. मी व्याख्या वहीत उतरवून खाली रेघ मारली. बायकोनं हात वर केला.

"मॅडम, मांजराला दूध दिलं ते इनपुट. मग आउटपुट काय धरायचं?"

सगळा वर्ग हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ती थांबली नाही. म्हणाली, "घुरघुर धरते मी. दूध बिघडलेलं असलं तर घुरघुर येत नाही. म्हणजे आत खराब घातलं तर बाहेर पण खराबच की."

मॅडमनं हातातला खडू खाली ठेवला. "काकू, हे मी पुढच्या बॅचला सांगणार बघा."

तिथून ते सुरू झालं. बॅकअप शिकवला त्या दिवशी बायको म्हणाली, मांजरीण पिल्लांना सात घरं फिरवते, एका जागी ठेवत नाही, तसंच ना? मॅडम म्हणाली, "तसंच, फक्त इथं पिल्लाच्या प्रती काढून सात घरी ठेवायच्या." पोरंटोरं माझ्या बायकोभोवती खुर्च्या ओढून बसायला लागली. मी आदल्या दिवशी धडा वाचून जायचो, उत्तरं पाठ असायची. मी बरोबर उत्तर दिलं की मॅडम म्हणायची, "बरोबर आहे काका," आणि पुढं सरकायची. बरोबर असण्याचं कुणाला काहीच वाटत नव्हतं.

मी स्वतःला सांगायचो की आपल्याला अभिमान वाटायला हवा. घरी पाहुणे आले की तसं बोलायचोही. पण ती मांडीवर आमचा बोका घेऊन बसली आणि त्याच्याशी कानडीत बोलायला लागली की माझ्या पोटात काहीतरी पेटायचं. माणसांशी ती मराठीत बोलते, जनावरांशी कानडीत. बोक्याला नाव असं नव्हतंच, नुसतं "बेक्कू". कानडीत मांजराला तेच म्हणतात.

शेवटी प्रोजेक्ट आला. प्रत्येकानं एक छोटी वेबसाइट करायची, विषय सगळ्यांना एकच: पाळीव प्राणी. मी मनातून खूश झालो. नोंदी ठेवणं हा माझा जन्माचा धंदा. मी 'पाळीव प्राणी माहिती प्रणाली' करायला घेतली. नोंदणी क्रमांक, जात, वय, लस दिल्याची तारीख, मालकाचा पत्ता. चार दिवसांत तक्ता तयार.

बायकोच्या वेबसाइटचं नाव होतं 'शेपूट'. त्यात जनावरं स्वतःच बोलायची. ती गल्लीत घरोघर जाऊन विचारून आली आणि वहीत लिहून काढलं: नाव, रंग, कुणाकुणाच्या घरी जेवतो, कशाला भितो, आणि चार ओळी आपल्याविषयी. "मी मोती. मला भाकरी चालते, चपाती चालत नाही. इस्त्रीवाल्याच्या हातगाडीवर भुंकणं हे माझं काम आहे, ते मी सुट्टी न घेता करतो." हे वाचून मी मोठ्यानं हसलो, आणि हसलो म्हणून स्वतःवरच चिडलो.

एका दुपारी तिनं ती वही माझ्यापुढं ठेवली. "अहो, जरा बघता का? तुमचा जन्म गेला यात. काही राहिलंय का?"

मी पाहिलं. प्रत्येक तक्त्यात एक रकाना असा लागतो की ज्यातली माहिती कधीच दोनदा येत नाही. त्याला प्रायमरी की म्हणतात. त्यावरूनच कॉम्प्युटर एक नोंद दुसरीपासून वेगळी ओळखतो. वहीत आखलेल्या तक्त्यात तिनं त्यासाठी 'नाव' हा रकाना निवडला होता. कुत्र्याचं नाव! आमच्या कचेरीत एकदा एकाच नावाचे दोन शिपाई होते आणि एकाची रजा वर्षभर दुसऱ्याच्या सर्व्हिस बुकात चढत होती. तो घोळ मीच निस्तरला होता. त्यामुळं चूक मला एका नजरेत दिसली. दोन शब्द बोलायचे होते: नंबर टाक.

"ठीक आहे," मी म्हणालो आणि वही परत दिली.

तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान आलं की मला तिच्याकडं बघवेना. तरी मी बोललो नाही. तिच्या हातात अजून आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत रोज मला वाटायचं, आज सांगू. रोज मी सांगितलं नाही.

प्रोजेक्ट दाखवायला रविवार ठरला. घरच्यांना, शेजाऱ्यांना बोलावलं होतं. खोली भरून गेली, पंखे फिरून फिरून गरम हवाच खाली टाकत होते. माझा नंबर आधी लागला. मी दाखवलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, कचेरीतल्या निरोप समारंभात वाजवतात तशा. मग बायको उभी राहिली. पदर खोचला आणि सरळ लोकांनाच म्हणाली, "तुमच्या घरच्या जनावराचं सांगा, मी आत्ता इथं घालते."

खोलीत एकदम जीव आला. आमच्या गल्लीतल्या आजींनी आपल्या पोपटाचं सांगितलं, तो पडद्यावर उमटला. मग एका मुलीनं आपल्या टायगर नावाच्या कुत्र्याचं सांगितलं. कुकरच्या शिट्टीला भिणारा टायगर. लोक हसून हसून लोळायचे राहिले. तेवढ्यात मागून एक गृहस्थ म्हणाले, "माझा बी टायगरच हाय की. पन त्यो कुनालाच भीत न्हाय."

बायकोनं टाइप केलं. पडद्यावर लाल अक्षरं आली. तिनं पुन्हा टाइप केलं. पुन्हा लाल अक्षरं. तिसऱ्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "आमचा पण टायगर! आता तीन झाले!"

ती अक्षरं इंग्रजीत होती. तिला वाचता येईनात. तिनं सगळ्या खोलीवरून नजर फिरवली आणि मला शोधून काढलं. "अहो, हे काय म्हणतंय?"

मला त्या क्षणी आनंद झाला. हे मी लिहितोय, कारण ते खरं आहे. आनंद झाला, आणि तो जायच्या आत मी उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "या नावाची नोंद आधीच आहे म्हणतंय. दुसरं नाव दे."

"मंग काय कुत्र्याचं परत बारसं घालू व्हय?" ते गृहस्थ म्हणाले. हशा झाला, पण हा हशा आधीसारखा नव्हता. बायकोनं माउस खाली ठेवला, हात कुठं ठेवावा ते तिला कळेना, शेवटी पदराचं टोक धरलं.

मॅडम पुढं आली. "काकू, जाऊ दे, लई भारी केलंय तुम्ही. फक्त नंबर द्यायला पाहिजे होता. काकांनी दिलाय बघा, काकांचं एकदम पक्कं आहे." सगळे माझ्याकडं बघायला लागले. तीन महिने मी याचीच वाट बघत होतो. मी खाली बसलो आणि पाणी प्यालो.

स्कूटरवरून जुळे सोलापूरला घरी येताना भाजी घ्यायला थांबलो तेव्हा मेथीची जुडी हातात घेऊन म्हणाली, "तुमच्यात नंबर होता. मग माझ्यात नाही हे तुम्हाला दिसलं नाही?"

खोटं बोलता आलं असतं. "दिसलं होतं," मी म्हणालो.

"कधी?"

"वही दाखवलीस तेव्हा."

तिनं जुडी परत ढिगावर ठेवली, रस्ता ओलांडला आणि रिक्षानं एकटीच घरी गेली.

पुढचे चार दिवस माझा चहा, डबा, जेवण सगळं वेळेवर मिळत होतं. बोलणं मात्र फक्त बोक्याशी, कानडीत. चोवीस वर्षं संसार करून मला कानडी 'ये', 'जा', 'जेव' याच्या पलीकडं येत नाही. चौथ्या संध्याकाळी ती ओट्यापाशी त्याला काहीतरी लांबलचक सांगत होती. मी दारात उभा राहून विचारलं, "काय सांगतेस त्याला?"

"हा माणूस हुशार आहे, पण त्याच्यावर विसंबून राहू नकोस, असं सांगतेय."

मी तिथंच पाटावर बसलो. म्हणालो, "माझ्या पोटात दुखत होतं. पहिल्या दिवसापासून. ते घुरघुर बोललीस ना, तेव्हापासून."

तिनं वळून पाहिलं. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "माझ्यावर? माझ्यावर जळता तुम्ही? तुम्हाला कचेरीत साहेबापासून शिपायापर्यंत सगळे विचारून काम करतात. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी चांगलं म्हणालं, तेवढं पण नको होतं तुम्हाला?"

"नको होतं," मी म्हणालो.

ती रडली नाही. बराच वेळ ओटा पुसत राहिली, ओटा स्वच्छ झाल्यावरही. मग म्हणाली, "खरं बोललात हे बरं झालं. पण आता माझ्या कामात हात घालू नका."

मी घातला नाही. ती एकटी सिटी बसनं क्लासला जाऊन मॅडमकडून दुरुस्ती शिकून आली. प्रत्येक जनावराला नंबर दिला, पण तो पडद्यावर दिसणार नाही असा मागं ठेवला. "नंबर कॉम्प्युटरला लागतो, टायगरला कशाला?" असं म्हणाली म्हणे. हे मला मॅडमनं सांगितलं. परीक्षेत आम्ही दोघं पास झालो. तिला माझ्यापेक्षा नऊ गुण जास्त मिळाले. मी तिचं अभिनंदन केलं. तिनं माझ्याकडं नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, "दुखतंय का?" मी म्हणालो, "थोडं." तेव्हा पंधरा दिवसांनी पहिल्यांदा ती हसली.

मॅडमनं पुढं 'शेपूट' इंटरनेटवर चढवून दिलं. पावसाळ्यानंतर शेजारच्या कॉलनीतली एक पांढरी मांजर हरवली. मालकीणबाई दोन दिवस गल्लीगल्लीतून हाका मारत फिरत होत्या. बायकोनं त्या मांजरीची नोंद उघडली, 'कुणाकुणाच्या घरी जेवतो' यात चार घरं होती, त्यातलं तिसरं घर सुट्टीसाठी कुलूप लावून गावाला गेलेलं. त्यांना फोन केला, शेजाऱ्याकडून किल्ली आणवली. मांजर आत तांदळाच्या पिंपामागं बसलेली, वाळलेली, पण जिवंत. माझ्या तक्त्यात लस दिल्याची तारीख होती, पत्ता होता. मांजर दुसऱ्याच्या घरी जेवत असेल, हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आता पेन्शनला सहा वर्षं राहिलीत. बढती मिळाली, टेबल बदललं. परवा बाजारात एक अनोळखी बाई थांबून म्हणाल्या, "तुम्ही शेपूटवाल्या काकूंचे मिस्टर ना?" मी हो म्हणालो. त्या आपल्या सशाविषयी दहा मिनिटं बोलल्या, मी सगळं ऐकून घेतलं आणि घरी येऊन एक शब्दही न गाळता बायकोला सांगितलं. सांगताना जळजळ होतीच. तिनं लिहून घेतलं आणि विचारलं, "ससा कशाला भितो, ते विचारलंत का?" नव्हतं विचारलं. मी चपला घातल्या आणि त्या बाई अजून बाजारात आहेत का ते बघायला परत गेलो.