हब्बान आणि अब्बांची फुटलेली भुवई

मंडळी, आज शारजात जुन्या वाद्यांच्या प्रोग्रॅममध्ये हब्बान निघाली. बकऱ्याच्या अख्ख्या कातड्याला नळ्या लावून, ते फुगवून वाजवतात ती. बघताच माझे म्हातारे अब्बा ओरडले, "हिच्यापायीच मार खाल्ला!"

साठच्या दशकात अब्बा रत्नागिरीहून नवेच आलेले. इथल्याच रोल्ला भागात एका लग्नात पाणी भरायच्या कामावर होते. खुंटीवरची हब्बान त्यांना पखाल वाटली. नळ्या उपटून त्यांनी ती विहिरीवर भरली.

वादकाने त्यांना वाळूत पाडून तुडवलं. काठीने भुवई फोडली, दोन दात पाडले. अब्बा त्याला आजवर शिव्या घालत आलेत.

प्रोग्रॅम संपल्यावर अब्बांनी आजच्या वादकाला गाठलं. "आत पाणी गेलं तर?"

"खलास, हबीबी. कातडं सडतं. ही माझ्या आजोबांची आहे."

गाडीत अब्बा भुवई चोळत म्हणाले, "कमीच मारलं रे त्याने."