बारापर्यंतचे खोटे

“बारापर्यंत मशीन खोटं बोलतं, काका. तेरापासून खरं.” कोणताही कागद हाती आला, की ती आधी तारखेखाली नख टेकवायची आणि हे वाक्य ऐकवायची.

पिंपरीत कामगार कचेरीबाहेर माझे अर्जलेखनाचे टेबल आहे. माझ्या मसुद्यातला शब्द वकीलसुद्धा बदलत नाहीत, हे नम्रपणे नमूद करतो. रावेतची ही बाई प्रथम आली ती वडिलांच्या पेन्शनचा अर्ज लिहून घ्यायला. वाकडच्या एका कंपनीत ती प्रोग्राम लिहीत असे. चाकणच्या एका कारखान्याकडे येणारे कामगारांचे अर्ज तो प्रोग्राम वाची.

एकदा माझ्या टेबलावर कुरुळीच्या एका कामगाराचा अर्ज तयार होता. जूनमध्ये त्याच कारखान्यात कामावर लागलेल्या या माणसाची दोन बोटे तीन ऑगस्टला प्रेसमध्ये गेली होती, आणि भरपाई मागायची होती. मी लिहिले होते, ०३/०८. तिचे नख तिथेच थांबले.

“आमचं मशीन आधी महिना धरतं. हे त्याला आठ मार्च. पंधरा तारीख असती तर पंधरावा महिना नाही म्हणून गुपचूप उलटं वाचलं असतं. बारापर्यंत त्याला शंकाच येत नाही. महिना अक्षरात लिहा ना, काका.”

“बाई, तेवीस वर्षे मी अर्ज लिहितो. तारीख कशी लिहावी हे यंत्राने मला शिकवू नये.”

“मी साहेबांना म्हणते, कळलं नाही तर मशीनला थांबू द्या, माणसाला विचारू द्या. ते म्हणतात, थांबलं की काम अडतं, अंदाज घेऊ दे.” ती हसली. “तुमचं दोघांचं छान जमेल.”

अर्ज तसाच गेला. उत्तर आले: अपघात आठ मार्चचा, तेव्हा अर्जदार आमच्या नोकरीत नव्हता.

तो कामगार माझ्यापुढे उभा राहिला. “मी तवा गावाकडं होतो म्हणत्यात, साहेब. मग बोटं काय गावाकडं तुटली?”

वाचकहो, मी यंत्राला दोष दिला. तिने दिला नाही. “ती ओळ मीच लिहिलीय,” म्हणाली, आणि प्रोग्राम तारखेचा अंदाज घेतो असे स्वतःच्या सहीने लिहून दिले. आठवड्यात कंपनीने तिला काढले. मग कारखान्याने कळवले की काढून टाकलेल्या बाईचे पत्र ग्राह्य धरता येत नाही. तो कामगार आता रावेतला एका इमारतीचे फाटक उरलेल्या तीन बोटांनी उघडतो.

तिचा अर्ज मी स्वतःहून लिहायला घेतला. फी घेणार नाही म्हणालो. नोकरीवरून काढल्याची तारीख आली तेव्हा माझ्या हाताने न सांगता लिहिले, चार सप्टेंबर. तिने त्याखाली नख टेकवले आणि बराच वेळ उचलले नाही.

“आता लिहिलंत,” ती म्हणाली.

एवढेच. सही उद्या करते म्हणून गेली, ती पुन्हा आली नाही. अर्ज माझ्या खणात आहे. मसुदा निर्दोष आहे. सहीची जागा कोरी आहे, आणि सप्टेंबरखाली नखाची एक बारीक रेघ.