तीनदा किल्ली

"मग, कळला का आजार तुमच्या लाडकीचा?"

"गेज लावतोय. जरा थांब."

"थांबलेच होते की त्या दिवशी. अर्धा तास."

वैद्याने बॉनेटखाली डोकं आणखी खोल घातलं. गाड्या दुरुस्त करणाऱ्या या माणसाला 'वैद्य' हे नाव गिऱ्हाइकांनी दिलेलं. सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही म्हणत कुणी आलं, की तो आधी विचारायचा, रात्रभर उभी होती का, टाकीत पेट्रोल किती, किल्ली फिरवल्यावर मागच्या सीटखाली गुणगुण ऐकू येते का. मगच पाना हातात. वीस वर्षांत नको असलेला पार्ट त्याने कुणाच्या गळ्यात मारला नव्हता. जे असेल ते तोंडावर सांगायचा. आणि निघताना प्रत्येकाला एक ताकीद ठरलेली. बायको आज तीच त्याच्या आवाजात म्हणून दाखवत होती.

"'साहेब, युक्तीवर गाडी चालवू नका. युक्ती तुम्हाला माहीत असते, घरच्यांना नसते.' असंच म्हणता ना? डबा द्यायला यायचे तेव्हा शंभरदा ऐकलंय मी."

त्याची स्वतःची गाडी मात्र दोन वर्षं युक्तीवरच चालली होती. किल्ली अर्धी फिरवायची, पंपाची गुणगुण थांबेपर्यंत दम धरायचा, बंद करायची. पुन्हा एकदा तसंच. तिसऱ्यांदा स्टार्टर मारला, की स्वारी उठायची. पंपातला व्हॉल्व्ह धरत नाही, गाडी उभी राहिली की नळीतलं पेट्रोल परत टाकीत उतरतं, हे त्याला कळत नव्हतं थोडंच? पण दिवसभर लोकांच्या गाड्यांखाली आडवं पडून आलेल्या माणसाला स्वतःची गाडी खोलायचा कंटाळा. रविवारी करू. पुढच्या रविवारी. बायकोने एकदा विचारलंही होतं, हे काय सारखे किल्लीशी चाळे? तेव्हा तो म्हणाला होता, "साखरझोपेत आहे बिचारी, हळू उठवतोय." ती खळखळून हसली होती. विषय तिथेच संपला.

सोळा दिवसांपूर्वी, भल्या सकाळी, तिच्या भावाचा फोन आला. आईचं काही खरं नाही, असशील तशी नीघ. माहेर तासाभरावर. वैद्य तेव्हा रस्त्यात बंद पडलेल्या एका ट्रकखाली. त्याचा फोन ट्रकच्या केबिनमध्ये वाजून वाजून थकला. हिने गाडीत बसून किल्ली फिरवली ती थेट शेवटपर्यंत. पुन्हा. पुन्हा. पेडलवर पाय दाबून, हात जोडून, गाडीला आईची शपथ घालून. जुनी बॅटरी कण्हली आणि बसली. भाड्याची गाडी मिळवून ती पोचली, तोवर आईचे डोळे मिटवून झाले होते. "ताई, दाराकडेच बघत होती गं," एवढंच भाऊ बोलला.

तेव्हापासून ती एकच मागत होती. मला माहीत होतं, असं एकदा तोंडाने म्हणा. आणि वैद्याचं पालुपद, आधी नीट तपासू दे. नुसती बॅटरी असेल. इंजेक्टर गळत असेल.

आता पेट्रोलचा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा तिच्या डोळ्यांदेखत वर चढला आणि किल्ली बंद करताच घसरायला लागला. वैद्याने टाकीकडून येणारी रबरी नळी चिमट्याने दाबून धरली. काटा जागच्या जागी थांबला. चिमटा सोडला, काटा खाली.

"म्हणजे काय?"

"इंजेक्टर निर्दोष."

"मग दोषी कोण?"

"पंपाचा व्हॉल्व्ह."

"व्हॉल्व्ह होय. बरा सापडला."

तो वर बघेना. मागची सीट काढून टाकीचं झाकण खोलता खोलता म्हणाला, फळीवर नवा पंप असेल बघ, कोपऱ्यात, निळं खोकं. तिने खोकं काढलं. वर बोटभर धूळ. पदराने पुसली, तर खाली मार्करने लिहिलेलं. अक्षर त्याचंच.

"'घरची गाडी'," तिने वाचलं. "हे कधी लिहिलंत?"

वैद्याने हात पुढे केला. तिने खोकं दिलं. 

पंप बसला. कामापुरती काढलेली, चार्ज केलेली बॅटरी पुन्हा जोडून त्याने तिला ड्रायव्हरच्या सीटवर बसायची खूण केली. तिने किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्यात इंजिन सुरू झालं, एवढं गुमान, की वैद्याच्या चेहऱ्यावर नको असताना समाधान आलं. तो खिडकीशी वाकला. इथे काहीतरी म्हणायला हवं, हे त्यालाही कळत होतं. नेमकं काय, तेही कळत होतं.

"बघ, एका किल्लीत," तो म्हणाला. "चल, कुठे जायचंय सांग. आत्ता नेतो."

ती उतरली. गाडी तशीच चालू ठेवून, शटरखालून वाकून, चालत निघून गेली.